तबकडीवरील लेखन आणि त्याचा पडताळा

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा एक मोठा मराठी शिलालेख आहे. दुसरे सरफोजीराजे यांच्या कारकिर्दीत, १८०३ मध्ये, तो भिंतीवर कोरला गेला. दोनशेहून अधिक वर्षे लोटली, तरी त्यातील अक्षरे आजही वाचता येतात. त्याच शहरात २००३ मध्ये एखाद्या मराठी घरातील संगणकावर लिहिलेली सीडी आज उघडेलच, अशी खात्री मात्र कोणी देऊ शकणार नाही. दगडावरची अक्षरे कोरताक्षणीच डोळ्यांना दिसतात. तबकडीवरची अक्षरे डोळ्यांना कधीच दिसत नाहीत. ती उमटली की नाही, हे एका सॉफ्टवेअरच्या सांगण्यावरून मानावे लागते. ते सॉफ्टवेअरच भरवशाचे नसेल तर काय करावे, हा या पाठाचा विषय आहे.

सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर मराठी भाषा तंजावरात स्थिरावली. १८५५ मध्ये तेथील मराठी राज्य संपुष्टात आले, तरी भाषा घराघरांतून नांदत राहिली. राजघराण्याचा ग्रंथसंग्रह सरस्वती महाल ग्रंथालयाच्या रूपाने टिकला आणि १९१८ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. तेथे हजारो मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रांचे गठ्ठे आहेत. हे संचित केवळ मूळ पोथ्यांमुळे उभे राहिले नाही. सरफोजीराजांनी काशीयात्रेच्या काळात अनेक ग्रंथ विकत घेतले, तसेच पंडितांना नेमून इतर ग्रंथांच्या नकला करवून घेतल्या. नक्कल करणे आणि ती मुळाशी ताडून पाहणे ही ग्रंथरक्षणाची जुनीच रीत आहे.

घरांमध्येही असे संचित असते, पण त्याला ग्रंथपाल नसतो. आजीच्या तोंडच्या ओव्यांची ध्वनिफीत, जुन्या हरिकथेची कॅसेट, पणजोबांच्या हातचे मोडी कागद, लग्नातील छायाचित्रे असा हा ठेवा असतो. तंजावरची मराठी ही महाराष्ट्रातील मराठीपासून तीनशेहून अधिक वर्षे दूर राहून घडलेली बोली आहे. त्यामुळे ती बोलणाऱ्या वृद्ध माणसाचा आवाज हा त्या कुटुंबापुरताच नव्हे, तर भाषेच्या अभ्यासासाठीही मोलाचा असतो. २००० नंतरच्या दशकात असा ठेवा संगणकात उतरवून सीडीवर लिहिण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. पुष्कळदा सीडी लिहून झाली की कॅसेट टाकून दिली जाई आणि हार्ड डिस्कवरील फाइल जागा अडवते म्हणून पुसली जाई. मग त्या आवाजाचे अस्तित्व एका तबकडीवर आणि ती लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रामाणिकपणावर अवलंबून राही.

तबकडीवर अक्षर कसे उमटते?

ध्वनीची सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. ती कारखान्यात साच्यातून काढली जाई. घरी तिच्यावर काही लिहिता येत नसे. एकदा लिहिता येईल अशी कोरी तबकडी, म्हणजे सीडी-आर, १९८८ मध्ये तयार झाली. तिचा व्यास १२० मिलिमीटर आणि जाडी १.२ मिलिमीटर असते. पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक चकतीवर रंगद्रव्याचा एक थर, त्यावर चकाकणारा धातूचा पातळ थर आणि सर्वांत वर वार्निशसारखे संरक्षक लेपन अशी तिची रचना असते. तिच्यावर आतून बाहेर जाणारी एकच सर्पिल वाट असते. या वाटेच्या शेजारच्या दोन घेऱ्यांत केवळ १.६ मायक्रोमीटर अंतर असते. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे तीस-चाळीस घेरे सहज मावतील.

लिहिताना लेसर किरण या वाटेवरील रंगद्रव्य ठिकठिकाणी तापवतो. तापलेल्या जागी प्रकाश कमी परावर्तित होतो, न तापलेल्या जागी अधिक. वाचताना क्षीण लेसर हाच फरक टिपतो आणि त्यावरून माहिती पुन्हा उभी राहते. तापवून लिहिण्याच्या या क्रियेमुळेच इंग्रजीत सीडी ‘बर्न’ करणे, म्हणजे जाळणे, असा शब्दप्रयोग रूढ झाला. एका प्रसिद्ध जर्मन सॉफ्टवेअरचे ‘नीरो बर्निंग रॉम’ हे नाव याच शब्दावरील कोटी आहे. जळणारे रोम शहर आणि सम्राट नीरो यांची कथा त्यामागे आहे.

सीडी-आरवर एकदा तापवलेली जागा पूर्ववत होत नाही. कागदावरची चूक खोडता येते, पाटीवरची पुसता येते. येथे तशी सोय नसते. शिवाय ध्वनी, चित्र किंवा मजकूर यांचा प्रवाह लेसरला अखंड मिळावा लागतो. सीडीचा मूळ वेग सेकंदाला १५० केबी धरला जातो. आठपट वेगाने लिहिताना सेकंदाला १,२०० केबी माहिती लागते. १९९० नंतरच्या दशकातील अनेक ड्राइव्हमध्ये तात्पुरत्या साठ्यासाठी दोन एमबीच्या आसपास जागा असे. एवढा साठा आठपट वेगाला दोन सेकंदही पुरत नाही. तेवढ्या अवधीत संगणक दुसऱ्या कामात गुंतला, तर प्रवाह तुटे आणि तबकडी वाया जाई. २००० मध्ये सॅन्यो कंपनीने प्रवाह तुटल्यास लेखन थांबवून पुन्हा त्याच जागेपासून पुढे नेणारी योजना आणली. पुढे अशा योजना बहुतेक ड्राइव्हमध्ये आल्या आणि हा दोष पुष्कळ कमी झाला.

सॉफ्टवेअर : मधला लेखनिक

फायली निवडणे, त्यांची तबकडीवरील मांडणी ठरवणे, ड्राइव्हला वेळेवर माहिती पुरवणे आणि शेवटी अनुक्रमणिका लिहून तबकडी बंद करणे, ही सारी कामे सीडी लिहिणारे सॉफ्टवेअर करते. जुन्या हस्तलिखितांच्या शेवटी नकलाकार अनेकदा असे नमूद करी की, जसे पाहिले तसे लिहिले आहे. शुद्ध असो वा अशुद्ध, दोष मला देऊ नये. सॉफ्टवेअरचा ‘लेखन यशस्वी झाले’ हा संदेशही पुष्कळदा तेवढ्याच अर्थाचा असतो. माहिती ड्राइव्हकडे पाठवली आणि ड्राइव्हने तक्रार केली नाही, एवढेच त्यातून कळते. तबकडीवर काय उमटले, हे ती परत वाचल्याशिवाय कळत नाही.

घरगुती संगणकावर असे सॉफ्टवेअर बेभरवशाचे ठरण्याची काही ठराविक कारणे आढळतात. पहिले कारण म्हणजे एकाच संगणकावर दोन-तीन लेखन-सॉफ्टवेअरे असणे. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये सीडी लिहिण्याची सोय मुळातच होती. ड्राइव्हबरोबर आणखी एक सॉफ्टवेअर मिळे आणि तिसरे एखाद्या मासिकाच्या सीडीवरून येई. ही सारी एकाच ड्राइव्हवर हक्क सांगू लागली की एकमेकांच्या कामात अडथळा आणत.

दुसरे कारण जुन्या सॉफ्टवेअरचे नव्या विंडोजशी न जुळणे. विंडोज बदलली तरी जुनेच सॉफ्टवेअर राहिले, तर ते अर्ध्यावर थांबते किंवा संगणकच बंद पाडते.

तिसरे कारण अधिक फसवे आहे. काही सॉफ्टवेअरे सीडीला फ्लॉपीसारखी वागणूक देत. फाइल ओढून सोडली की ती थोडी थोडी करून तबकडीवर लिहिली जाई. ही पद्धत सोयीची वाटे. परंतु अशी तबकडी नीट बंद केलेली नसेल, तर ती लिहिणाऱ्या संगणकावर दिसे आणि दुसऱ्या संगणकात घातली की कोरी भासे. वाचण्यासाठी दुसरीकडेही एक साहाय्यक सॉफ्टवेअर लागे.

दोष कोणाचा, हे आधी ठरवावे

तबकडी बिघडली की सॉफ्टवेअरला दोष देणे सोपे असते. पण तबकडी, ड्राइव्ह, केबल, वीज, विंडोज आणि सॉफ्टवेअर या साखळीतील कोणतीही कडी कच्ची असू शकते. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि काम झाले, तरी कशामुळे झाले ते कळत नाही.

प्रथम वेगळ्या बनावटीची कोरी तबकडी घ्यावी आणि लेखनाचा वेग कमी करावा. सोळापट वेगाने पूर्ण सीडी लिहायला पाच मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो; जपून ठेवण्याच्या तबकडीसाठी तो फार नाही. या चाचण्यांसाठी पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू वापरावी, म्हणजे प्रत्येक चाचणीत एक तबकडी वाया जात नाही. मात्र हे दोन प्रकार वेगळे असल्याने शेवटची चाचणी सीडी-आरवरच करावी.

त्यानंतर संगणकाचा वेग पाहावा. विंडोज एक्सपीमध्ये ड्राइव्हशी देवाणघेवाण करताना सहा वेळा चूक झाली, की विंडोज ड्राइव्हला ‘डीएमए’ या जलद पद्धतीऐवजी ‘पीआयओ’ या संथ पद्धतीवर नेते आणि आपणहून परत आणत नाही. मग लिहिताना सारा संगणक रेंगाळतो आणि साठा वारंवार रिकामा होतो. हा दोष सॉफ्टवेअरचा नसून बहुधा सैल केबलचा किंवा थकलेल्या ड्राइव्हचा असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ही नोंद पाहता येते.

हार्ड डिस्कवर पुरेशी मोकळी जागा आहे ना, हेही तपासावे. अनेक सॉफ्टवेअरे तबकडीची पूर्ण प्रतिमा आधी हार्ड डिस्कवर तयार करतात, आणि सीडीच्या प्रतिमेला सुमारे ७०० एमबी जागा लागते.

विजेचाही विचार करावा लागतो. २०१२ च्या सुमारास तामिळनाडूत वीजकपात तीव्र होती. प्रवाह तुटला तर ड्राइव्ह लेखन पुढे नेऊ शकतो, पण वीज गेली तर अनुक्रमणिका लिहायचीच राहते. अशा ठिकाणी यूपीएसशिवाय लिहिलेल्या तबकडीचा दोष सॉफ्टवेअरच्या माथी मारणे योग्य नव्हे.

हे सारे तपासूनही तोच दोष येत असेल, तर विंडोजच्या स्वतःच्या सोयीने तीच फाइल तशाच तबकडीवर लिहून पाहावी. विंडोजने लिहिलेली तबकडी नीट वाचता आली आणि संशयित सॉफ्टवेअरने लिहिलेली आली नाही, तर निर्णय घेण्यास पुरेसा आधार मिळतो.

काढून टाकण्यापूर्वी

सॉफ्टवेअर काढण्यापूर्वी एक काम विसरता कामा नये. त्या सॉफ्टवेअरने फ्लॉपीसारख्या पद्धतीने लिहिलेल्या जुन्या तबकड्या घरात असतील, तर त्या सर्वांतील माहिती आधी हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावी. सॉफ्टवेअर गेल्यावर त्या तबकड्या वाचता येतीलच असे नाही. तसेच काही सॉफ्टवेअरे तबकडीची प्रतिमा स्वतःच्या खास प्रकारात साठवतात. अशा प्रतिमा ‘आयएसओ’ या सर्वमान्य प्रकारात बदलून ठेवाव्यात. सॉफ्टवेअरची मूळ सीडी आणि तिचा नोंदणी-क्रमांकही जपावा, कारण परत फिरण्याची वेळ येऊ शकते. याच टप्प्यावर विंडोजमधील ‘सिस्टिम रिस्टोअर’चा उपयोग करून संगणकाच्या सध्याच्या स्थितीची नोंद करून ठेवावी.

काढण्याचा क्रम

सॉफ्टवेअरचे फोल्डर थेट पुसून टाकणे ही नेहमीची चूक होय. त्यामुळे मुख्य फायली जातात, पण विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, त्यांच्याविषयीच्या नोंदी तशाच राहतात. योग्य क्रम पुढीलप्रमाणे असावा.

१. प्रशासकाचे अधिकार असलेल्या खात्यातून संगणक सुरू करावा.

२. घड्याळाशेजारच्या चिन्हांतून पार्श्वभूमीवर चालणारे सॉफ्टवेअरचे भाग बंद करावेत आणि ड्राइव्हमधील तबकडी काढावी.

३. कंट्रोल पॅनेलमधून सॉफ्टवेअर काढण्याची रीतसर सोय वापरावी. विंडोज एक्सपीत तिचे नाव ‘ॲड ऑर रिमूव्ह प्रोग्रॅम्स’ असे होते. विंडोज व्हिस्टापासून कंट्रोल पॅनेलमध्ये ते ‘प्रोग्रॅम्स अँड फीचर्स’ असे झाले. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘ॲप्स’ या भागातूनही हे काम होते.

४. एकाच निर्मात्याचे लेखन-सॉफ्टवेअर आणि ओढून-सोडून लिहिणारे साहाय्यक सॉफ्टवेअर यादीत वेगवेगळे दिसत असेल, तर दोन्ही काढावीत.

५. संगणक पुन्हा सुरू करावा. पुष्कळ फायली वापरात असल्यामुळे त्या पुन्हा सुरू होतानाच पुसल्या जातात. हा टप्पा गाळून लगेच नवे सॉफ्टवेअर बसवल्यास जुन्याचे अवशेष त्यात मिसळतात.

६. काही निर्माते आपल्या सॉफ्टवेअरचे अवशेष साफ करणारे वेगळे साधन देत असत. ते निर्मात्याकडूनच मिळालेले असेल, तरच वापरावे.

एवढे झाल्यावर डिव्हाइस मॅनेजर उघडून ड्राइव्हचे नाव पाहावे. नावाशेजारी पिवळी खूण नसेल आणि एखादी चांगली सीडी वाचली जात असेल, तर काम संपले.

ड्राइव्हच नाहीसा झाला तर

कधी कधी सॉफ्टवेअर काढल्यावर सीडी ड्राइव्हच ‘माय कॉम्प्युटर’मधून नाहीसा होतो. ड्राइव्हचा दिवा लागतो, दारही उघडते, पण विंडोजला तो दिसत नाही. ड्राइव्ह जळाला असे समजून नवा विकत आणला जातो आणि तोही दिसत नाही. या घटनेचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

विंडोज आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये लेखन-सॉफ्टवेअर स्वतःची एक चाळणी बसवते. ड्राइव्हकडे जाणारी प्रत्येक आज्ञा तिच्यातून जाते. चाळण्यांची नावे विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘अपरफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या दोन नोंदींत लिहिलेली असतात. सरकारी कार्यालयात एखाद्या फाइलवर पाच टेबलांवरच्या सह्या लागतात, असे समजा. त्यांतील एक पद रद्द झाले, पण सह्यांच्या यादीतील त्याचे नाव कोणी खोडले नाही, तर फाइल तेथेच अडकते. चाळणीची फाइल पुसली गेली आणि यादीतील नाव राहिले, की ड्राइव्हची नेमकी हीच स्थिती होते. डिव्हाइस मॅनेजर अशा वेळी १९, ३१, ३२, ३९ किंवा ४१ यांपैकी एखादा दोष-क्रमांक दाखवतो.

यावर खुद्द मायक्रोसॉफ्टने सुचवलेला उपाय असा की, रजिस्ट्रीतील सीडी आणि डीव्हीडी ड्राइव्हच्या वर्गाखालील या दोन नोंदी काढून संगणक पुन्हा सुरू करावा. मात्र रजिस्ट्रीत हात घालण्यापूर्वी तिची प्रत काढून ठेवणे अत्यावश्यक आहे. शेजारच्याच वर्गात याच नावाच्या नोंदी असतात. कळफलक, माउस किंवा हार्ड डिस्क यांच्या वर्गातील नोंद चुकून काढली, तर संगणक सुरू होणेच कठीण होते. ज्याला ही जागा खात्रीने ओळखता येत नाही, त्याने जाणकाराची मदत घ्यावी. नोंदी काढल्यावर ड्राइव्ह वापरणारे दुसरे एखादे सॉफ्टवेअर थांबले, तर ते पुन्हा बसवावे लागते.

हा प्रश्न केवळ लेखन-सॉफ्टवेअरपुरता नाही, हे २००५ मध्ये जगाला कळले. सोनी बीएमजी या कंपनीच्या काही संगीत-तबकड्या संगणकात घातल्या की नकला रोखणारे एक सॉफ्टवेअर स्वतःला लपवून संगणकात शिरत असे. संगणकतज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांनी ३१ ऑक्टोबर २००५ रोजी ते उघडकीस आणले. त्याच्या फायली हाताने काढल्यावर सीडी ड्राइव्ह नाहीसा होत असे, कारण त्यानेही मध्ये चाळणी बसवली होती. टीकेनंतर कंपनीला त्या तबकड्या परत घ्याव्या लागल्या. जे सॉफ्टवेअर येताना सांगून येत नाही, ते जाताना काहीतरी मोडून जाते, हा धडा त्यातून मिळाला.

देवनागरी नावांचा प्रश्न

मराठी घरांना भेडसावणारा आणखी एक दोष म्हणजे तबकडी उघडते, पण फायलींची नावे ओळखू येत नाहीत. सीडीवरील मांडणीचा ‘आयएसओ ९६६०’ हा मूळ नियम १९८८ चा आहे. त्याच्या काटेकोर रूपात फाइलच्या नावात केवळ रोमन मोठी अक्षरे, आकडे आणि अधोरेखा चालतात. नावही आठ अक्षरांपुरतेच असते. ‘आजीच्या ओव्या’ हे देवनागरी नाव त्यात बसत नाही. मायक्रोसॉफ्टने पुढे ‘जोलिएट’ नावाची जोड दिली. तिच्यामुळे युनिकोडमधील, म्हणजे देवनागरी किंवा तमिळ लिपीतीलही, ६४ अक्षरांपर्यंतची नावे लिहिता येऊ लागली. सॉफ्टवेअरमध्ये ही सोय बंद असेल, तर सर्व नावांच्या जागी निरर्थक चिन्हे येतात. आत आवाज शाबूत असतो, पण कोणती फाइल कोणाची हे सांगणारे कोणी उरत नाही.

तंजावरात हा प्रश्न अधिक नाजूक आहे. तेथील अनेक मराठी कुटुंबांत पुढची पिढी मराठी बोलते, पण वाचताना तिला तमिळ लिपी किंवा इंग्रजी सोयीची वाटते. म्हणून फायलींना साधी रोमन नावे व क्रमांक द्यावेत. कोणत्या क्रमांकाखाली कोणाचा आवाज, कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या प्रसंगाचा आहे, याची सूची कागदावर लिहून तबकडीजवळ ठेवावी. ही सूची देवनागरी आणि तमिळ अशा दोन्ही लिप्यांत असल्यास अधिक उपयोगी पडेल.

पडताळा

नवे सॉफ्टवेअर निवडताना त्याच्या जाहिरातीतील सोयींची संख्या पाहण्याचे कारण नाही. घरगुती ठेव्यासाठी चार गोष्टी पुरेशा आहेत : वेग कमी करता यावा, पूर्ण तबकडी एकाच बैठकीत लिहून बंद करता यावी, युनिकोड नावे लिहिता यावीत आणि लिहिल्यानंतर मूळ फायलींशी ताडून पाहता यावे. विंडोजसाठी अशी विनामूल्य सॉफ्टवेअरे मिळत आली आहेत. लिनक्सवर ‘ब्रासेरो’ आणि ‘केथ्रीबी’ ही तशीच सॉफ्टवेअरे आहेत. संगणकावर असे एकच सॉफ्टवेअर ठेवावे.

लेखन संपल्यावर तबकडी बाहेर काढून पुन्हा घालावी. तसे न केल्यास संगणक आपल्या स्मृतीतीलच माहिती दाखवून वाचल्याचा भास निर्माण करू शकतो. शक्य असल्यास तबकडी दुसऱ्या संगणकात तपासावी. सर्व फायली तबकडीवरून नव्या फोल्डरमध्ये उतरवून मुळाशी ताडाव्यात. फाइलच्या प्रत्येक अंशावरून काढलेली एक गणिती खूण, ‘चेकसम’, दोन्हीकडे सारखी आली तर नक्कल तंतोतंत आहे असे समजावे. वाचताना ड्राइव्ह अडखळत असेल, तर फाइल उघडली तरी ती तबकडी जपून ठेवण्याच्या योग्यतेची नाही. सीडीमध्ये चुका दुरुस्त करणारी सांकेतिक योजना असते. ती लहानसहान चुका झाकून घेते. आज झाकलेली चूक उद्या मर्यादेबाहेर गेली की फाइल एकाएकी उघडेनाशी होते.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी वाचकाला अशीही विनंती केलेली आढळते की, तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून ग्रंथाचे रक्षण करावे. तबकडीला उष्णता, ओलावा, प्रखर प्रकाश आणि ओरखडे यांपासून जपावे लागते. नाव लिहिण्याची वरची बाजू भक्कम वाटते, पण सीडीमध्ये तीच अधिक नाजूक असते. माहितीचा थर तिच्या लगेच खाली असतो. म्हणून तिच्यावर बॉलपेनने लिहू नये, चिकटपट्टी लावू नये. पुसताना मऊ कापड मध्यापासून कडेकडे सरळ न्यावे, गोल फिरवू नये.

आज नव्या लॅपटॉपमध्ये सीडी ड्राइव्ह क्वचितच असतो, आणि विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. जुन्या तबकड्या वाचण्यासाठी तसा संगणक राखला असेल, तर तो इंटरनेटला जोडू नये. यूएसबीने जोडता येणारा बाहेरचा ड्राइव्ह घेऊन घरातील सर्व तबकड्या एकदा वाचून काढाव्यात, त्यातील माहिती दोन वेगळ्या साधनांवर ठेवावी आणि एक प्रत दुसऱ्या घरी द्यावी. एक तबकडी वाचली गेली नाही, तर ती लगेच फेकू नये; दुसऱ्या बनावटीच्या ड्राइव्हला ती कधी कधी वाचता येते.

सरफोजीराजांच्या पंडितांनी केलेल्या नकला टिकल्या, कारण प्रत्येक काळात कोणीतरी त्या उघडून पाहत राहिले. तबकडीचेही तेच आहे. कॅसेट टाकून देण्यापूर्वी, फाइल पुसण्यापूर्वी, नक्कल एकदा शेवटपर्यंत ऐकावी. आजीची ओवी शेवटच्या शब्दापर्यंत ऐकू आली, तरच ती लिहिली गेली असे म्हणता येईल.